वाचाघातासाठी व्हीआर : कोकणात कोणी वापरून बघितलंय का?

तांडेलाची लेक
१४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे कित्येक वर्षं नुसती वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही मालवणचे. बाबांनी ४० वर्षं मासेमारी केली, त्यातली २५ तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून. गेल्या नोव्हेंबरात पहाटे जाळं होडीत चढवताना त्यांचा उजवा हात गळून पडला आणि बोलणं बंद झालं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. व्यायामाने हातपाय बरेच सुधारले. जिना चढतात, डाव्या हाताने जेवतात. बोलणं मात्र आलं नाही. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात, अफेझिया.

बाबांच्या तोंडून एकच गोष्ट येते, "व्हय म्हाराजा". देवापुढे गाऱ्हाणं घालताना सगळ्यांनी "होय महाराजा" म्हणून साथ द्यायची असते, जन्मभर म्हटलेलं तेवढं उरलंय. चहा हवा असला तरी व्हय म्हाराजा, नको असला तरी व्हय म्हाराजा. राग आला की तेच, मोठ्याने. सुरावरून आम्ही ओळखायला शिकलो. आणि माघी गणपतीला काय झालं, तर शेजारी आरती सुरू झाली आणि बाबांनी अख्खी आरती म्हटली, एक अक्षर न चुकता. आई तिथेच रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना "पाणी" म्हणता येईना.

मे महिन्यात मुंबईला एका ठिकाणी नेलं होतं. तिथे डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा लावून तपासणी करतात. आत एक मोठं सुपरमार्केट होतं. चकचकीत फळ्यांच्या रांगा, ढकलगाडी, रंगीत खोकी. कानात सूचना येत होत्या, दुसऱ्या रांगेत जा, दुधाचा डबा घ्या, पैसे द्यायला या. बाबा जागच्या जागी मान फिरवत राहिले. घाम फुटला. कागदावर लिहून आलं की आकलन फार कमी आहे. मंडळी, माझा बाप असल्या दुकानात आयुष्यात गेलेला नाही.

निघताना तिथल्या एका मुलाने सहज म्हणून समुद्राचा देखावा लावला. बाबांनी डावा हात उचलला, सुकाणू धरावं तसा, आणि काहीतरी बोलले. ते "व्हय म्हाराजा" नव्हतं. मला "वारो" असं ऐकू आलं. भाऊ म्हणतो भास झाला. मला तसं वाटत नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आमच्याकडे स्पीच थेरपिस्ट महिन्यातून दोनदा येतात. असला चष्मा घरी आणून काही उपयोग होईल का? कोणता घ्यावा? कोणाला अनुभव आहे का?

सुरंगीचा वळेसर
१४ जून, रात्री १०:१५

वाचून गळा दाटून आला. माझ्या मामांना असंच झालं होतं, वेंगुर्ल्याला. तेव्हा थेरपी असते हेच आम्हाला कोणी सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, आता याचं डोकं गेलं. त्यांचं डोकं अगदी जागेवर होतं, पत्त्यांत शेवटपर्यंत आम्हाला हरवायचे. तुम्ही धडपडताय हे फार चांगलं करताय ताई. व्हीआरचं मला माहीत नाही, पण हा धागा वर राहू दे.

शब्दसखी
१५ जून, दुपारी ३:०५

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. मुंबईत शिकले, गेली ११ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात काम करते.

आधी "व्हय म्हाराजा"बद्दल, कारण घरच्यांना त्याचाच जास्त त्रास होतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. काहीही विचारा, तो "टॅन" एवढंच म्हणायचा. त्याला समजत बरंच होतं, हातवारे करून सांगायचा. तो गेल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला तेव्हा डाव्या पुढच्या भागात इजा दिसली. तो भाग आजही ब्रोकाच्याच नावाने ओळखतात. तुमच्या बाबांचा "टॅन" म्हणजे "व्हय म्हाराजा". आरती, आकडे, वारांची नावं, गाऱ्हाणं हे सगळं तोंडात बसलेलं बोलणं असतं. शब्द शोधायचा, वाक्य जुळवायचं, अशा वाटेने ते येत नाही, म्हणून ते शाबूत राहतं आणि "पाणी" अडकतं. बाबा हट्ट करत नाहीत आणि आळसही करत नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा.

आता मुंबईच्या तपासणीचं. तुमचा राग रास्त आहे. ही अडचण व्हीआरच्या आधीपासूनची आहे. बोस्टनच्या वाचाघात चाचणीत, १९७२ सालापासून, एक चित्र आहे. ओट्याशी बाई भांडी पुसतेय, सिंक भरून पाणी खाली वाहतंय, मागे एक मुलगा कलंडणाऱ्या स्टुलावर चढून बरणीतली बिस्किटं काढतोय. हे चित्र दाखवून "काय चाललंय ते सांगा" असं जगभर विचारतात. चित्र हुशारीने काढलेलं आहे, त्यात नाम, क्रियापद, कार्यकारण सगळं येतं. पण विहिरीवरून पाणी आणलेल्या आजीला मी सिंकबद्दल विचारते तेव्हा मी तिची भाषा तपासतेय की तिचं स्वयंपाकघर? सुपरमार्केटचंही तेच. माणूस अडला तर तो शब्दामुळे अडला की जागेमुळे, हे वेगळं काढता आलं पाहिजे. ते न काढता आकलनाबद्दल शेरा मारायचा नसतो.

व्हीआरचं खरं बळ इथेच आहे. टेबलावर चित्रांची पानं उलटताना "बांगडा" म्हणता येणं वेगळं, आणि बाजारात गोंगाटात, समोर बाई थांबलेली असताना म्हणता येणं वेगळं. पहिलं जमलं म्हणून दुसरं जमतंच असं नाही, आणि उलटंही होतं. तुमच्या बाबांचं "वारो" तसंच असू शकेल. मी ते ऐकलेलं नाही म्हणून छातीठोक बोलणार नाही, पण तो भास म्हणून सोडूनही देऊ नका.

घाम आला म्हणालात, त्याबद्दलही सांगते. चष्म्यात डोळ्यांना हालचाल दिसते आणि शरीर खुर्चीत स्थिर असतं, त्यामुळे बोट लागल्यासारखं होतं. ४० वर्षं बोट न लागलेल्या माणसालाही होतं, कारण इथे गणित उलटं आहे. पुढच्या वेळी पहिल्यांदा ५ मिनिटं, हात असलेल्या खुर्चीत बसवून. आणि त्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना एक प्रश्न नक्की विचारा, फिट येण्याचा धोका आहे का? पक्षाघातानंतर काहींना येते.

चष्मा आत्ताच विकत घेऊ नका.

माडबनी
१५ जून, रात्री ८:३०

मी गुहागरकडे ३० वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. शब्दसखींनी छान लिहिलंय, तरी एक सरळ प्रश्न विचारतो. आमच्या भागातले पेशंट एस.टी.ने दोन तास येतात, औषधं अर्धी घेतात कारण पैसे नसतात. त्यांना २५-३० हजारांच्या यंत्राची आशा दाखवायची तर पुरावा हवा. साध्या थेरपीपेक्षा व्हीआरने जास्त फायदा होतो हे सिद्ध झालंय का?

जाता जाता धागाकर्तीसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत, त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे आणि त्यात वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करून ठेवा. हात चालतो म्हणून लोक हे विसरतात.

शब्दसखी
१६ जून, दुपारी २:२०

डॉक्टर, हा प्रश्न विचारलात ते बरं झालं.

थेरपीने फायदा होतो हे भक्कम आहे. २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, ५७ चाचण्या आणि ३,००२ माणसं होती, आणि थेरपी घेतलेल्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं न घेतलेल्यांपेक्षा सुधारलं होतं. व्हीआरचे अभ्यास त्या मानाने अगदी लहान आहेत. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीने वाचाघात असलेल्या माणसांनाच सोबत बसवून "ईव्हा पार्क" नावाचं एक आभासी बेट तयार केलं. घरं, कॅफे, केस कापायचं दुकान, दवाखाना असं सगळं. डोळ्यांवर चष्मा नाही, संगणकाच्या पडद्यावरच. आत आपली बाहुली फिरवायची आणि दुसऱ्याशी प्रत्यक्ष आवाजात बोलायचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० जण होते, ५ आठवडे रोज मदतनीसाबरोबर बोलणं. व्यवहारातलं बोलणं सुधारलं. आत्मविश्वास आणि एकटेपणा यांच्या मोजमापात फरक पडला नाही. पुढे त्याच बेटावर ३४ जणांचे गप्पांचे गट ६ महिने चालवले, २०२० साली ते छापून आलं, तेव्हा मोजमापांत दखल घेण्यासारखा बदल दिसला नाही.

त्याच वर्षी इटलीतल्या तुरीनचा अभ्यास आला. जुना वाचाघात असलेले ३६ जण, ६ महिने. निम्म्यांशी संभाषण आभासी जागांचे देखावे समोर ठेवून, निम्म्यांशी त्याशिवाय. दोन्ही गट सुधारले. भाषेच्या चाचण्यांत दोन गटांमध्ये ठळक फरक निघाला नाही, पण व्हीआरच्या गटात सुधारलेल्या गोष्टी जास्त होत्या आणि मनाची स्थितीही बरी झाली होती. बार्सिलोनाचा २०१९ सालचा प्रयोग मला फार आवडतो. दोन रुग्ण समोरासमोर बसतात, मध्ये पडद्यावर वस्तू, आणि एकाने दुसऱ्याकडे हवी ती वस्तू शब्दाने मागायची. १७ जण, ८ आठवडे. तिथे व्हीआरचा गट वरचढ निघाला. पण १७ जणच.

म्हणून माझं मत असं. चष्म्याने बोलणं येत नाही, बोलण्याच्या सरावाने येतं. तो सराव किती तास होतो याला महत्त्व आहे. महिन्यातून दोन वेळा थेरपिस्ट भेटणार असेल तर मधल्या २८ दिवसांत माणूस कशाला तोंड उघडेल, कोणाशी बोलेल, हा खरा प्रश्न आहे. तिथे व्हीआर कामाला येऊ शकतं, आणि तेही त्या माणसाच्या ओळखीची जागा असेल तर.

खाडीपलीकडे
१६ जून, रात्री ११:५०

मी रत्नागिरीचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या घरून काम. हा धागा दोनदा वाचला.

ताई, सुपरमार्केटसारखं संगणकावर उभारलेलं जग बनवायला खूप पैसे आणि महिने लागतात. पण दुसरा एक मार्ग आहे, ३६० अंशांचं व्हिडिओ. माझ्याकडे तसा कॅमेरा आहे, लग्नांच्या शूटिंगसाठी घेतला होता. तो तिवईवर उभा केला की चारी बाजू एकदम टिपतो. मग साध्या चष्म्यातही ते दिसतं, मान वळवाल तिकडचं. मोबाइल आत सरकवायचा पुठ्ठ्याचा चष्मा २०१४ साली गुगलने आणला होता, तसला प्लास्टिकचा मिळतो, फार महाग नाही.

मर्यादा सांगतो. व्हिडिओत हात घालता येत नाही, मासा उचलता येत नाही. पुढे चालूनही जाता येत नाही, फक्त बघता येतं. पण शब्दसखी म्हणतात ते ओळखीचं ठिकाण, ते यात शंभर टक्के खरं असेल. मालवणचा मासळी बाजार म्हणजे मालवणचाच.

मी यायला तयार आहे, कॅमेरा घेऊन. पैसे नकोत.

तांडेलाची लेक
१७ जून, सकाळी ७:१०

रात्रभर झोप नाही लागली वाचून. दादा, या. पण आत्ता बंदर रिकामं आहे. १ जूनपासून मासेमारीला बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवल्यात. लिलाव बघायचा तर ऑगस्ट उजाडू दे.

प्रति-मिरे
१९ जून, संध्याकाळी ६:३०

थोडं वेगळं आहे, पण इथेच लिहितो. मी लहानपणापासून बोलताना अडखळतो. गेल्या वर्षी पुण्यात एका थेरपिस्टकडे व्हीआरमध्ये नोकरीच्या मुलाखतीचा सराव केला. समोर टेबलामागे तिघं बसलेले, त्यातला एक घड्याळ बघतो. ती खरी माणसं नाहीत हे माहीत असूनही माझा "प" तस्साच अडकला, छातीत तीच धडधड. पहिल्या दिवशी मी चिडून चष्मा काढला. नंतर लक्षात आलं, की अडकलो हाच फायदा आहे. थेरपिस्टच्या खोलीत मी नेहमी चांगलं बोलायचो, त्यामुळे माझी अडचण कधी त्यांच्यासमोर यायचीच नाही. आता अडकल्यावर काय करायचं, श्वास कसा सोडायचा, डोळे खाली न घालता थांबायचं कसं, हे तिथेच वीस वेळा करता आलं. खऱ्या मुलाखतीत अडखळलोच, पण वाक्य पूर्ण केलं.

शब्दसखी
१९ जून, रात्री ९:००

@प्रति-मिरे, वेगळं मुळीच नाही. अडखळणं हा भाषेचा दोष नाही, बोलण्याच्या ओघाचा आहे, एवढा फरक वाचकांसाठी नोंदवते. तुम्हाला जे जाणवलं तेच २००६ साली अमेरिकेत मोजलं गेलं. अडखळणाऱ्या २० प्रौढांची आभासी मुलाखत घेतली, एकदा प्रेमळ मुलाखतकार आणि एकदा कडक. कडक मुलाखतकारापुढे अडखळणं वाढलं. म्हणजे आभासी माणूसही खऱ्यासारखाच दबाव टाकतो.

कोकम आगळ
२२ जून, दुपारी १:१५

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, दोन शब्दांच्या पुढे बोलत नाही. त्याला असा चष्मा आणू का? टीव्हीवर गाणी लावली की तासभर बसतो, म्हणून वाटलं आवडेल.

शब्दसखी
२२ जून, दुपारी १:५०

नको. अगदी स्पष्ट सांगते, नको. मेटा कंपनीच्या व्हीआर चष्म्यांची वयोमर्यादा आधी १३ होती, २०२३ साली ती १० वर आणली, त्याखालच्या मुलांसाठी ते नाहीतच. पहिली गोष्ट म्हणजे कान तपासून घ्या, या आठवड्यात. दुसरी, जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषाविकासातल्या विलंबाची तपासणी येते, अंगणवाडीत पथक येतं त्यांनाही सांगा. आणि टीव्ही बंद करून त्याच्यासोबत जमिनीवर बसा. तो जे बघतोय त्याचं नाव घ्या आणि थांबा. त्याला वेळ द्या. मला निरोप पाठवा, मी नीट बोलते.

तांडेलाची लेक
१२ जुलै, रात्री ८:४५

महिन्याची खबर सांगते. शब्दसखी ताई आता आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉलवर बाबांचा सराव घेतात. वीज गेली की बाबा स्वतः मोबाइलकडे बोट दाखवून "व्हय म्हाराजा" करतात, म्हणजे लाव परत.

ताईंनी एक गोष्ट लगेच पकडली जी आठ महिने आम्हाला कळली नव्हती. बाबांना उजवीकडचं नीट दिसत नाही. ताटात उजव्या बाजूची भाजी तशीच राहायची, आम्हाला वाटायचं आवडत नाही. मुंबईला त्या आभासी दुकानातलं निम्मं सामान त्यांना दिसलंच नसणार.

माडबनी
१२ जुलै, रात्री ९:३०

डाव्या मेंदूच्या पक्षाघातात हे होतं, उजव्या बाजूचं दृष्टिक्षेत्र जातं. नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची चाचणी करून घ्या. आणि मी माझं म्हणणं थोडं बदलतो. यंत्राच्या किमतीवर मी अडून बसलो होतो, पण इथे तर मोबाइल आणि माणसंच काम करताहेत.

शब्दसखी
२ ऑगस्ट, सकाळी १०:००

खाडीपलीकडे दादा, शूटिंगबद्दल माझं म्हणणं असं. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तिवई जागची हलवायची नाही, नाहीतर पोटात ढवळेल. पाहणारा खुर्चीत बसलेला असणार आणि दृश्यात तो उभा असेल, तर शरीराला ते खटकतं. मुख्य घडामोड डाव्या बाजूला येऊ दे. पहिल्या दृश्यात गर्दी नको, लिलाव नंतर.

आणि एक मला करून बघायचंय. व्हिडिओतली व्यक्ती उत्तराला उत्तर देऊ शकत नाही, पण थांबू तर शकते. मासे विकणाऱ्या मावशीने कॅमेऱ्याकडे बघून विचारायचं, आणि मग १५ सेकंद गप्प राहून वाट बघायची. हसऱ्या चेहऱ्याने, घाई न करता. मग त्याच प्रश्नाला जोडून शब्दाचा पहिला आवाज द्यायचा, पुन्हा थांबायचं. थेरपीत आम्ही खुणेचा शब्द देतो तेच, फक्त मावशीच्या तोंडून. प्रमाण मराठीत नको. मालवणीतच.

जे जे चौकटीत येतील त्या सगळ्यांना विचारून, हो म्हणाले तरच.

खाडीपलीकडे
११ ऑगस्ट, रात्री १०:२०

झालं शूट! काल पहाटे मालवणला पोचलो. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, बंदर नुसतं गजबजलेलं. मावशींना १५ सेकंद गप्प बसवणं हेच सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या चार वेळा त्या सातव्या सेकंदाला म्हणायच्या, "अगो, पण तो बोलूचो नाय!" मग तांडेलांच्या लेकीने त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, हे कोणासाठी आहे ते. मावशी तांडेलांना ३० वर्षं ओळखतात. पाचव्या वेळी त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तांडेलानू, काय व्हया तुमका?" आणि थांबल्या. इतक्या थांबल्या की मला मागे उभं राहून श्वास घ्यायची भीती वाटली.

व्हिडिओ मोबाइलमध्येच उतरवून दिलाय, नेट लागणार नाही. भिंगांना दमट हवेत बुरशी धरते, चष्मा हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा. प्रत्येक वेळी कपाळाकडचा फोम पुसून घ्यायचा.

तांडेलाची लेक
१६ ऑगस्ट, रात्री ११:०५

आज लावला. ताई कॉलवर होत्या. पहिल्यांदा ५ मिनिटंच, काहीच न विचारता, नुसतं बघू दिलं. बाबांनी मान वळवून वळवून होड्या मोजल्या. खरंच मोजल्या, बोटांवर. मळमळ नाही, घाम नाही.

मग १० मिनिटांनी मावशींचं दृश्य. "तांडेलानू, काय व्हया तुमका?" बाबा हसले. ओठ हलले. १५ सेकंद संपले, आवाज नाही. मावशींनी "बां..." म्हटलं आणि पुन्हा थांबल्या. बाबा म्हणाले, "बां... बांग..." आणि सोडून दिलं. चष्मा काढला तेव्हा डोळे भरलेले होते. ताई म्हणाल्या आजला पुरे.

आता पुढचं लिहिताना हात थरथरतोय. जेवणानंतर मी फोनवर तेच दृश्य साधं उघडलं आणि टोपलीतल्या मोठ्या माशावर बोट ठेवून सहज म्हटलं, "ही सुरमई ना बाबा?"

बाबांनी मान हलवली. म्हणाले, "नाय."

नऊ महिन्यांत पहिल्यांदा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी गप्प बसले, ताईंनी शिकवलंय तशी, मनात आकडे मोजत. अकराव्या आकड्याला बाबा म्हणाले, "इस... इसवण."

घरात आम्ही जन्मभर इसवणच म्हणतो. मी मुंबईत राहून सुरमई म्हणायला लागले.

सुरंगीचा वळेसर
१६ ऑगस्ट, रात्री ११:३०

ताई, मी इथे बसून रडतेय. आईला माझा नमस्कार सांगा.

शब्दसखी
१७ ऑगस्ट, सकाळी ८:१५

तारखेसकट लिहून ठेवा, शब्द, खूण दिली की नाही, किती सेकंद लागले. हे व्हीआरने झालं असं मी म्हणणार नाही. दोन महिन्यांचा सराव आहे त्यामागे, आणि पक्षाघातानंतर मेंदू स्वतःही सुधारत असतो. पण आठवड्याभरात तोच शब्द पुन्हा येतो का, दुसऱ्या माणसासमोर येतो का, हे आपण तपासू.

"नाय" मला "इसवण"पेक्षाही मोठं वाटतं. जो माणूस नाही म्हणू शकत नाही त्याच्यासाठी बाकीचेच सगळं ठरवत असतात. उद्यापासून घरात त्यांना रोज चुकीचे प्रश्न विचारा. ही तुमची छत्री का, हा शेजारच्यांचा मुलगा का. नाय म्हणायची संधी द्या.

आणि माझ्या शब्दयादीत "सुरमई" होती. काल रात्री ती खोडून "इसवण" लिहिली. "मुलगी"पुढे "चेडू" लिहिलं, "मुलगा"पुढे "झील". इतकी वर्षं किती जणांचे बरोबर शब्द मी चूक धरले असतील, या विचाराने वाईट वाटतंय. मालवणीतल्या वस्तूंची, माशांची, होडीच्या भागांची नावं या धाग्यावर लिहून द्याल का सगळे? गावानुसार फरक असेल तर गावाचं नावही लिहा.

खाडीपलीकडे
१७ ऑगस्ट, सकाळी ९:०५

नक्की. संध्याकाळपर्यंत एक सामायिक तक्ता उघडतो. ताई, पुढचं दृश्य कुठलं घेऊ? एस.टी. स्टँड की देऊळ?

तांडेलाची लेक
१७ ऑगस्ट, दुपारी १२:४०

बाबांना दोन्हींचे फोटो दाखवले. दोन्हींना "नाय" म्हणाले. मग उठून खिडकीपाशी गेले आणि बंदराकडे बोट केलं, आमच्या होडीकडे. धक्क्याला बांधलेली असते तेव्हा या दादा, वारा नसेल त्या सकाळी.